अमावस्येची ट्रायल

“उद्या अमावस्या हाय,” भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून पद्मावतीबाई म्हणाल्या, आणि कळंब्याच्या त्या घरात बापलेकांचे घास हातातच राहिले.

वृषभच्या हातातला भाकरीचा तुकडा तर थेट आमटीत पडला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्यानं नऊ मुलाखती दिल्या होत्या आणि नऊही ठिकाणी ‘कळवतो’ एवढंच ऐकून तो घरी आला होता. शाहूपुरीत एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीचं शोरूम आहे. तिथल्या टेक्निकल सपोर्टच्या जागेसाठी तो पहिल्यांदाच शेवटच्या पायरीपर्यंत पोचला होता. आता राहिली होती ती एका दिवसाची ट्रायल. दिवसभर काउंटरवर बसायचं, बिघडलेली मशिनं घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांची कामं करायची, आणि काम झालं की गिऱ्हाइकानं समोरच्या टॅबवर दहापैकी मार्क द्यायचे. कमीत कमी दहा गिऱ्हाइकांचे मार्क हवेत. नऊ झाले तरी ट्रायल बाद, आणि सरासरी किती लागते ते आधी सांगत नाहीत. नातेवाइकांचे मार्क धरत नाहीत, आणि ओळख लपवलेली सापडली तर नाव कायमचं कट.

ट्रायलची तारीख बेंगळुरूच्या ऑफिसनं ठरवली होती. अमावस्येला कोल्हापुरातला माणूस नवी वस्तू घेत नाही आणि बिघडलेली दुरुस्तीला टाकत नाही, हे त्यांना कोण सांगणार? शिवाय शनिवार. त्या दिवशी इथली माणसं केस कापायलाही जात नाहीत, मग लॅपटॉप उघडायची गोष्टच सोडा.

“झालं तर मग,” आप्पासो हात धुवायला उठत म्हणाले. “परवा सकाळच्या गाडीनं गडहिंग्लज. आक्काच्या दुकानात अमावस्येला बी गिऱ्हाईक असतंय.”

आक्का म्हणजे आप्पासोंची थोरली बहीण. गडहिंग्लजला तिचं खतांचं आणि शेतीच्या औषधांचं दुकान होतं, यजमान गेल्यापासून तिथं भरवशाचं कुणी बसायला नव्हतं. ही ट्रायल फसली तर वृषभनं तिथं जाऊन बसायचं, असं बापलेकांत ठरलं होतं. वृषभचं खताशी काही वाकडं नव्हतं. पण बंद पडलेलं मशीन उघडावं, फुंकर मारावी, स्क्रू फिरवावा आणि त्याच्या पंख्याचा आवाज पुन्हा यावा, यात त्याचा जीव होता. युरियाच्या पोत्याला फुंकर मारून काही होत नाही. आणि आप्पासो कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. दहावीला वृषभला एक्याऐंशी टक्के पडले तेव्हा त्यांनी निकाल दोनदा वाचून विचारलं होतं, “बाकीचे एकोणीस कुठं गेले?”

आप्पासो शेताकडं गेले. पद्मावतीबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि वृषभला धास्ती वाटायला हवी होती ती तिथंच. त्या गप्प असतात तेव्हा फोनवर असतात. संध्याकाळी वृषभची चुलत बहीण अपूर्वा वही घेऊन आली, तेव्हा वहीत नऊ नावं होती.

“दादा, धाव्वं नाव गावंना,” ती म्हणाली. “ते एक तू बघ कुठनं तरी.”

“अगं पण नातेवाईक चालत न्हाईत. कळलं तर माझं नावच कापत्यात.”

“कळतंय कशाला?” पद्मावतीबाई म्हणाल्या. “कुणी वळख दाखवायची न्हाय. तू कोण आणि आमी कोण. मी सगळ्यास्नी सांगितलंय.”

अडचण वेगळीच होती. नऊ जणांच्या घरची मशिनं चांगली चालत होती. बिघडलेली असती तर वृषभनंच ती कधीच दुरुस्त करून दिली असती. तेव्हा अपूर्वानं रात्रीपर्यंत घरोघर हिंडून चांगली मशिनं पद्धतशीर बिघडवली. वृषभला नको म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढं पोत्यांची थप्पी आली की त्याच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता.

शनिवारी सकाळी दहाला तो काउंटरवर बसला. छातीवर ‘वृषभ मगदूम’ अशी पट्टी आणि तिच्या आत धडधड. शोरूमच्या मॅनेजर क्रांती शिंदे. चष्मा, कमी बोलणं आणि एकदा बघितलं की नजर न काढणं. त्या काउंटरच्या मागेच काचेच्या खोलीत बसल्या होत्या. बाहेर रस्ता मोकळा होता. अकरापर्यंत एकच माणूस आत आला, तोही पत्ता विचारून परत गेला.

सव्वाअकराला दारातून हंबीरराव आले. शेजारच्या घरातले हे काका तरुणपणी तालमीत होते. तालीम सुटली तरी आवाज तालमीतलाच राहिला होता. काखेत नातवाचा लॅपटॉप धरून ते काउंटरपुढं उभे राहिले आणि सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं म्हणाले, “पावणं, मी तुमाला अजिबात वळखत न्हाय.”

वृषभच्या मानेवरून घामाचा एक थेंब खाली गेला. “बसा की,” तो म्हणाला. “काय झालंय मशीनला?”

“ते तुमी सांगायचं. तुमी सायब.”

“तसं न्हवं. काय होत न्हाय त्यावर?”

हंबीररावांनी आठवायचा प्रयत्न केला. अपूर्वानं काय बिघडवलंय हे त्यांना सांगितलं होतं, पण येताना वाटेत ते विसरले होते. “काल रात्रीपतूर बेस चालत हुतं,” ते शेवटी म्हणाले. “मग ती पोरगी आली आणि—” इथं त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी जीभ चावली. “मग आपोआप बंद पडलं.”

वृषभनं दहा मिनिटांत मशीन चालू करून दिलं. हंबीररावांनी टॅबवर बोट टेकवलं, खाली काहीतरी टाइप केलं आणि जाताना पुन्हा एकदा “वळख न्हाय” म्हणून गेले.

पाठोपाठ आक्का आली. गडहिंग्लजहून पहाटेची एसटी धरून आलेली, एका हातात अपूर्वाच्या भावाचा लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात पिशवी. तिला धाप लागलेली बघून वृषभ काउंटरच्या बाहेर आला, पिशवी घेतली, आणि जन्मापासूनच्या सवयीनं पाया पडायला खाली वाकला. अर्ध्यात त्याला आठवलं. पण कमरेत वाकलेला माणूस मध्येच थांबून काय करणार? त्यानं हात तसाच पुढं नेऊन जमिनीलगतच्या सॉकेटमधली पिन दाबली. तोवर आक्कानंही सवयीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

काचेचं दार उघडलं. “काय झालं?” क्रांती मॅडमनी विचारलं.

“काय न्हाय मॅडम. सॉकेट बघत होतो. गिऱ्हाईक आलं की आधी खालचं कनेक्शन बघून घेतो.”

“आणि ह्यांनी डोक्यावर हात का ठेवलाय?”

“आदार घेतला बाई,” आक्का म्हणाली. “गुडगं गेल्यात माझं.”

क्रांती मॅडमनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. “चांगली सवय आहे,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक गिऱ्हाइकाला बघत जा.”

त्यामुळं पुढं दिवसभर जो कोणी आला त्याच्यासमोर वृषभला एकदा खाली वाकावं लागलं. दुपारपर्यंत त्याची कंबर धरली.

आक्काचं काम झालं. तिनं टॅबवर मार्क दिले आणि जाताना ते पान मिटायचं राहिलं. टॅब नीट करायला गेलेल्या वृषभला ते दिसले. दहापैकी पाच. खाली लिहिलं होतं, ‘बरा आहे.’

सख्ख्या आत्यानं पाच दिले होते. ज्या आत्यानं त्याला लहानपणी मांडीवर घेऊन लापशी भरवली, तिनं. त्याला आधी वाटलं, दुकानात माणूस मिळावा म्हणून तर आक्का हे करत नसेल? मग असला विचार मनात आल्याची त्याला लाज वाटली. मग पुन्हा तोच विचार आला. तो बाथरूममध्ये गेला आणि अपूर्वाला फोन लावला.

“अपू, आक्कानं पाच दिल्यात.”

“व्हय की. आणि हंबीरकाकांनी सहा,” अपूर्वा शांतपणे म्हणाली. मागं कपांचा आवाज येत होता. सगळी मंडळी समोरच्या चहाच्या टपरीवर बसली होती. “काकाच म्हणाले, समद्यांनी धा पैकी धा दिलं तर शेंबडं पोरगं बी वळखंल. चारच्या खाली आणि सातच्या वर कुणी जायचं न्हाय असं ठरलंय.”

“अगं, पण मग मला घेणार कोण? त्या यशराजची काल हितंच ट्रायल झाली, त्याला धाच्या धा जणांनी धा दिल्यात. त्यानं स्टेटसला टाकलंय.”

“थांब, काकांस्नी देतो.”

“वृषभा,” हंबीरराव फोनमधून गरजले, आणि वृषभनं घाईघाईनं नळ सोडला. “कोल्लापुरात मिसळ कितीबी झकास असू दे, माणूस काय म्हणतोय? बरी हाय. धा दिलं तर गावचा माणूस न्हवं हे कळतंय. तू घाबरू नगंस. कुणी इचारलं तर मी तुला वळखतच न्हाय.”

वृषभ बाहेर येऊन बसला. एकेक जण येत होता. प्रत्येक जण ओळख नसल्याचं आधी जाहीर करत होता, वृषभ सॉकेटपाशी वाकत होता, मन लावून काम करत होता आणि त्याचं बक्षीस म्हणून पाच, सहा, फार तर सात घेत होता. काम मात्र खरं होतं. अपूर्वानं भलत्या ठिकाणी हात घातल्यामुळं दोन मशिनं खरंच बिघडली होती, आणि त्यातलं एक सुरू करायला त्याला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात तो घाबरायचं विसरला होता. मशीन सुरू झालं तसं त्याला पुन्हा आठवलं.

साडेतीनला पद्मावतीबाई आल्या. त्यांनी मुलाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून सगळी तक्रार त्यांनी भिंतीवरच्या जाहिरातीला सांगितली. एवढं सगळं नीट पार पडलं. पण लॅपटॉप परत घेताना त्यांचा हात काउंटरवरून पुढं आला, वृषभची दुमडलेली कॉलर सरळ करून गेला आणि मगच मागं फिरला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. काचेमागं क्रांती मॅडम मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या.

पावणेसहाला आक्का परत आली. पिशवीतून डबा काढून तिनं काउंटरवर ठेवला.

“पावणं, दिवस मावळाय लागलाय. दोन घास खाऊन घ्या. परत रातभर उपाशी ऱ्हाशीला.”

मगदूम जैन, त्यांच्या घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही, आणि दुपारपासून आक्काला दुसरं काही सुचत नव्हतं. क्रांती मॅडम काचेच्या खोलीतून बाहेर आल्या.

“आजी, हे रात्री जेवत नाहीत हे तुम्हाला कसं कळलं?”

वृषभनं डोळे मिटले. संपलं, असं त्याला वाटलं.

आक्कानं त्याच्या छातीवरच्या पट्टीकडं बोट दाखवलं. “नावावरनं कळलं की. वृषभ नाव हाय, आडनाव मगदूम. आमच्यातलंच लेकरू दिसतंय. तुमाला कळालं न्हाय?”

“कळलं,” क्रांती मॅडम म्हणाल्या. “खाऊन घ्या, वृषभ. पाच मिनिटं.”

सहा वाजता नऊ झाले. दहावं कुणीच नव्हतं. शोरूम सातला बंद व्हायचं. वृषभ दाराकडं बघत बसला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, एक कुत्रं गेलं. टपरीवर सगळी मंडळी उभी राहून इकडंच बघत होती. आता रस्त्यात जाऊन कुणाचा तरी हात धरून आणावा की काय, असं त्याला वाटायला लागलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं आणि आप्पासो आत आले.

या कटाचा आप्पांना पत्ता नव्हता. त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती, कारण आप्पासो मगदूम खोटं बोलत नाहीत आणि बोलणाऱ्याला तिथल्या तिथं धरतात. आता ते मोठ्यानं हाक मारणार, आणि दहाव्या गिऱ्हाइकासकट आधीची नऊही वाहून जाणार. वृषभ उठला आणि वाकून सॉकेटपाशी गेला. खाली त्याला आप्पांच्या चपला दिसल्या, शेतातल्या मातीनं माखलेल्या. काउंटरच्या आडोशाला त्यानं त्यांना हात लावला. आप्पा हलले नाहीत.

तो वर आला तेव्हा आप्पांनी एक जुना, जाडजूड लॅपटॉप समोर ठेवला होता. वृषभचाच. डिप्लोमाला असताना घेतलेला.

“तीन वर्सं बंद हाय,” आप्पा म्हणाले. “घरात पोरगं हाय, दुरुस्तीचंच शिकलंय. रोज उद्या करतो म्हणतंय.”

“वेळ मिळत नसंल त्याला,” वृषभ कसाबसा म्हणाला.

“आसंल. बगा तुमाला जमतंय का.”

वृषभनं मागचं झाकण काढलं. आत शेतातली सगळी धूळ होती. आप्पा खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. वृषभ पहिल्यांदाच त्यांच्यासमोर काम करत होता. त्यानं धूळ झाडली, मेमरी काढून पुसून परत बसवली, सुटलेली वायर जोडली. वीस मिनिटांनी बटण दाबलं तसा पंखा घरघरला आणि पडदा उजळला.

पडद्यावर फोटो आला. कळंबा तलावाच्या काठावर आप्पा, पद्मावतीबाई आणि दोघांच्या मध्ये दात काढून हसणारा वृषभ.

त्यानं झाकण इतक्या जोरात मिटलं की आप्पा दचकले. मागं काचेच्या दाराशी क्रांती मॅडम उभ्या होत्या, फोनवर बोलत. त्यांनी बघितलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. आप्पांनी टॅबवर एक बोट टेकवलं, मग बराच वेळ एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहिलं, लॅपटॉप काखेत मारला आणि वळूनही न बघता निघून गेले.

पावणेसातला क्रांती मॅडमनी वृषभला काचेच्या खोलीत बोलावलं.

“सिस्टिमनं तुमचा एक मार्क बाजूला काढलाय,” त्या म्हणाल्या. “नऊ जणांचे चार ते सात आहेत. दहाव्यानं दहा दिलेत. सिस्टिम विचारतेय, हा नातेवाईक आहे का?”

त्यांनी स्क्रीन वळवली. दहापैकी दहा. खाली लिहिलं होतं, ‘काम मन लावून करतो.’

वृषभनं ते दोनदा वाचलं. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर दहा पुरे झाले असते. पण मग ते वाक्यही कुणा परक्याचं झालं असतं.

“व्हय मॅडम,” तो म्हणाला. “माझे वडील हायेत. आणि बाकीचे पण—”

“मी दहाव्याचं विचारलंय,” क्रांती मॅडमनी त्याला थांबवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याबरोबर त्यांची ऑफिसची भाषाही उतरली. “बेंगळुरूला अमावस्या कळत न्हाय. मला कळती. फोटो झकास हाय. फक्त तुमच्या आई साडेतीनला आल्यावर जरा वाळल्यासारख्या वाटल्या.”

वृषभचा हात आपोआप कॉलरकडं गेला.

“कालच्या पोराला धा जणांनी धा दिले,” त्या पुढं म्हणाल्या. “अर्ध्या तासात. कंपनीनं रात्रीच यादीतनं काढला त्याला. तुमची कामं मी दिवसभर बघितल्यात. पण वडलांचे मार्क गेले, आता नऊच राहिले. सहाची सरासरी लागती, आणि नऊ जणांचे मिळून एक्कावन्न होत्यात.” त्यांनी घड्याळ बघितलं. “सात वाजायला बारा मिनिटं हायेत. आणि माझा हा प्रिंटर दोन महिने कागद खातोय.”

वृषभ वाकला. सवयीनं आधी सॉकेट बघितलं. मग प्रिंटर उघडला, आतून चुरगाळलेल्या कागदाचा एक तुकडा ओढून काढला आणि झाकण लावलं. दोन महिन्यांनी त्या प्रिंटरमधून अख्खा कागद बाहेर आला. क्रांती मॅडम काउंटरपुढं जाऊन गिऱ्हाइकासारख्या उभ्या राहिल्या आणि टॅबवर बोट टेकवलं. नऊ.

“धा दिले तर मी पण नातेवाईक ठरेन,” त्या म्हणाल्या. “सोमवारी दहाला या. आणि त्या आजींना सांगा, गुडघे डॉक्टरला दाखवा.”

वृषभ घरी पोचला तेव्हा माजघर भरलं होतं. दिवस मावळल्यामुळं मगदूमांपैकी कुणी काही खात नव्हतं. एकटे हंबीरराव पोह्यांची थाळी घेऊन बसले होते. त्यानं नोकरी लागल्याचं आणि कुणाचे किती मार्क पडले ते सांगितलं तसे सगळे एकदम बोलायला लागले, आणि सगळ्यांना आधी आपापल्या मार्कांची माफी मागायची होती.

“मी चार दिलं रं,” पद्मावतीबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. “बोट थरथरत हुतं माझं.”

“मी पाच,” आक्का म्हणाली. “दुकानाचं मी बगतो. मिळंल कुणी तरी.”

आप्पासो कोपऱ्यात बसून जुन्या लॅपटॉपचं झाकण उघडत होते, मिटत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

“कसली पाच आणि कसली चार?” त्यांनी विचारलं.

सगळे हंबीररावांकडं बघायला लागले. शेवटी हंबीररावांनी थाळी खाली ठेवली आणि सगळा बेत सांगितला. दहा दिले तर संशय येईल म्हणून सगळ्यांनी मुद्दाम कमी दिले, आणि तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही म्हणून तुमचे तेवढे दहा पडले, असं त्यांनी पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितलं.

“आसं व्हय,” आप्पासो म्हणाले आणि लॅपटॉपचं झाकण उघडून फोटोकडं बघत राहिले. “मला कुणी खोटं लिवायला सांगितलंच न्हवतं.”